हाताला काम काय, हा प्रश्न

आपली शाळा जुन्या नाशकातली, त्यामुळे तांबट आळीतल्या मठारकामाचे, म्हणजे तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचे, ठोके आम्हा मुलींच्या कानांवर दिवसभर पडत असत. आळीतल्या एका वर्गमैत्रिणीच्या वडिलांशी बोलताना आवाज चढवावा लागे आणि घरातल्या कोणालाही त्यात वावगे वाटत नसे; तांबटाचे कान जायचेच, अशी सर्वांचीच समजूत होती. पुढे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून मी औद्योगिक आरोग्याकडे वळले, तेव्हा या समजुतीची नोंद इटलीतल्या एका डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी करून ठेवल्याचे वाचनात आले.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी हे त्यांचे नाव. कामगारांच्या रोगांवरील त्यांचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झाला. व्हेनिसमधले तांबट एकाच वस्तीत राहतात, दिवसभर तांबे ठोकतात, हळूहळू त्यांना कमी ऐकू येऊ लागते आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असे त्यांनी त्यात लिहिले आहे. ग्रंथामागची प्रेरणा मात्र त्यांच्या घरीच मिळाली होती. शौचकूप उपसणारा एक मजूर जिवाच्या आकांताने घाई करताना दिसला, म्हणून त्यांनी त्याला कारण विचारले. चार तासांपेक्षा जास्त वेळ तिथे थांबलो तर डोळे जातील, असे त्याने सांगितले. रामाझ्झिनींनी त्याचे डोळे तपासले, शहरातल्या त्याच धंद्यातल्या इतरांचेही पाहिले आणि त्याचे म्हणणे खरे निघाले. रोग्याला काय विचारावे हे प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेने सांगितलेलेच होते. ‘तू काम कोणते करतोस?’ हा प्रश्न त्यात रामाझ्झिनींनी घातला. माझ्या मते कामामुळे होणाऱ्या आजारांचे शास्त्र तिथे सुरू झाले, कारण त्याआधी खाणकामगारांच्या आजारांवर लिहिले गेले असले, तरी प्रत्येक रोग्याला हे विचारलेच पाहिजे असा आग्रह कोणी धरला नव्हता.

पुढचा इतिहास मोठा आहे. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन यांनी शिसे वापरणाऱ्या कारखान्यांत स्वतः फिरून आणि कामगारांच्या घरी जाऊन विषबाधेचे पुरावे गोळा केले. १९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात अध्यापक म्हणून नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या महिला होत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने व्यवसायजन्य रोगांची यादी दिली आणि असा रोगी आढळल्यास शासनाला कळवण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकली. अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था १९६६ साली स्थापन झाली. मात्र त्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला किमान दहा आणि विजेविना चालणाऱ्याला किमान वीस कामगारांची अट होती, त्यामुळे घरातल्या पडवीत भांडी घडवणारा तांबट त्यातून सुटला, याची मला आजही खंत वाटते.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करताना पॉवर प्रेसवरच्या, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावरच्या, कामगारांची श्रवणतपासणी मी नेहमी करते. ‘ऐकू येतं की, मॅडम, घरचेच म्हणतात टीव्ही मोठा लावतो,’ असे सांगणाऱ्याच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजाच्या, आसपास खोल खड्डा दिसतो. आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाची ही ओळखीची खूण आहे. समोरचा बोलतो आहे हे त्याला कळते, पण ‘स’, ‘श’ यांसारखी उंच पट्टीची अक्षरे निसटतात. आतल्या कानातल्या संवेदी पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, म्हणून तपासणी त्रास जाणवण्याआधीच व्हायला हवी आणि यंत्राचा आवाज मुळात कमी करण्यावर भर हवा. कानातली बोंडे हा त्यानंतरचा उपाय.

वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या आपल्या शाळेच्या मुलामुलींना माझे एवढेच सांगणे आहे की, केसपेपरवरचा व्यवसायाचा रकाना रिकामा सोडू नका आणि तिथे नुसते ‘शेती’ किंवा ‘नोकरी’ लिहून थांबू नका. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार घाम, मळमळ आणि डोळ्यांपुढे अंधारी घेऊन येतो, तेव्हा उन्हाचा त्रास म्हणून त्याला सलाईन लावून घरी पाठवणे सोपे असते. दोन दिवसांत कोणती फवारणी केली, औषध हाताने कालवले का, कपडे बदलले का, हे विचारले आणि डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या दिसल्या, तरच कीटकनाशकाची बाधा लक्षात येते, रक्तातील कोलिनेस्टरेजची (अशा विषामुळे मंदावणाऱ्या विकराची) तपासणी होते आणि ॲट्रोपिन हा उतारा वेळेवर दिले जाते.