गोठा मधे, गाडी भोवती

नाताळच्या झाडाभोवती खेळण्यातली आगगाडी फिरवायची असेल तर इंजिन सगळ्यात शेवटी पाहावं. आधी मोजायची ती झाडाखालची जमीन. हे मला आमच्या शेजारच्या आजोबांनी सांगितलं. नाताळच्या आधी महिनाभर मी या खेळण्यातल्या गाड्यांच्या मागे होते, त्या काळात ऐकलेल्या सगळ्या सल्ल्यांत हाच खरा कामाला आला.

आम्ही मूळचे वसईचे, आता न्यू जर्सीत मेटचनला राहतो. वसईत नाताळ म्हटलं की पहिल्यांदा गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, डोळ्यांसमोर येतो. सुकं गवत, माती, डोंगर करायला गोणपाट, आणि चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवलेली गव्हाण. झाड नंतर. इथे अमेरिकेत मान झाडाचा, आणि खूप घरांत झाडाखाली गाडी फिरते. माझा पाच वर्षांचा मुलगा ती एका मित्राच्या घरी पाहून आला आणि त्याला दुसरं काही सुचेना. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गाडी आण गं, पण गोठा कुठे मांडणार?" पुढची सगळी निवड मी या प्रश्नाच्या उत्तरासाठीच केली.

शोधता शोधता एक गोष्ट कळली आणि मन निवांत झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम नावाचं गाव आहे. मोरावियन पंथाच्या लोकांनी ते वसवलं आणि 1741 च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याला हे नाव दिलं. शेवाळ, झाडांचे बुंधे आणि लाकडी मूर्ती मांडून ख्रिस्तजन्माचा देखावा करायची त्यांची जुनी रीत आहे. त्याला ते 'पुट्झ' म्हणतात. पुढे या भागातल्या घरांत अशा देखाव्यांना छोटी घरं, पूल, तळी जोडली गेली, आणि विजेवर चालणारी खेळणी आल्यावर गाडीही आली. खेळण्यातल्या गाड्यांची इकडची प्रसिद्ध लायोनेल कंपनी जोशुआ लायोनेल काउएन यांनी 1900 साली न्यूयॉर्कमध्ये काढली. त्यांची पहिली विजेची गाडी दुकानाच्या खिडकीत गिऱ्हाइकांचं लक्ष वेधायला केलेली होती, पण लोक खिडकीतली गाडीच विकत मागू लागले. नंतर कित्येक वर्षं या गाड्या आमच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात बनत होत्या. म्हणजे गोठा आणि गाडी एकमेकांच्या जागेवर आलेली नाहीत, ती एकाच देखाव्यात वाढलेली आहेत. हे आईला सांगितलं तेव्हा तिचाही विरोध मावळला.

मग टेप घेऊन जमीन मोजली. आमचं झाड सात फुटी. बुडाशी पाण्याचा स्टँड, त्याचा व्यास दोन फुटांच्या आत. खालच्या फांद्या मात्र चारही बाजूंना पसरलेल्या. गाडी या फांद्यांखालून जाणार, म्हणून उंचीही पाहावी लागते. सर्वांत खालची फांदी जमिनीपासून निदान आठ इंच वर हवी, नाहीतर धुराडं तिला घासतं. रुळांचं नुसतं गोल कडं घातलं तर आत स्टँड मावतो, गोठा मावत नाही. लांबट वर्तुळ केलं तर झाड मागच्या अर्ध्या भागात ठेवता येतं आणि पुढे गोठ्याला जागा मिळते. हे कागदावर काढून पाहिलं तेव्हाच, दुकानात जायच्या आधी, अर्धा निर्णय झाला होता.

दुकानदार वयस्कर आणि अतिशय सोशिक होता. त्याने फरशीवर वेगवेगळ्या आकारांचे रूळ मांडून दिले. आकारांना इंग्रजी अक्षरांची नावं. त्यांतला सर्वांत लहान एन: दोन रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर. झाडाखाली तो दिसणारसुद्धा नाही. त्यानंतर एचओ, 16.5 मिलिमीटर; खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. बारीकसारीक काम पाहायचं तर एचओसारखं काही नाही. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पुढचा ओ, म्हणजे सुमारे 32 मिलिमीटर, 48 पट लहान. आणि सगळ्यात मोठा जी, 45 मिलिमीटर, मुळात बागेत फिरवायला केलेला. तो देखणा आहे, पण आमच्या बैठकीच्या खोलीत झाडासकट मावला नसता.

मी मुलाला म्हटलं, प्रत्येक आकाराचा एक डबा तू रुळावर ठेवून बघ. एचओचा डबा त्याला काही केल्या बसवता येईना. एक चाक बसलं की दुसरं उतरायचं. ओचा डबा त्याने दोन्ही हातांनी धरला, थोडा पुढेमागे सरकवला आणि चाकं रुळात बसली. लहान मूल घरात असेल तर ही परीक्षा कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी आहे. गाडी घसरणारच आहे. ती मुलाला स्वतः परत रुळावर घेता आली पाहिजे. नाहीतर नाताळभर आईबापांनीच जमिनीवर बसून ते काम करायचं.

लायोनेलच्या ओ रुळांना मधे तिसरा रूळ असतो. वीज त्या मधल्या रुळातून येते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत जाते. खऱ्या रेल्वेचे शौकीन त्यावर नाक मुरडतात, कारण खरा मार्ग तसा दिसत नाही. मला मात्र तो आवडला. रूळ वळवून पुन्हा त्याच मार्गावर आणले तरी साध्या दोन रुळांसारखा विजेचा घोटाळा होत नाही, म्हणजे पुढे मुलगा हवी तशी मांडणी करू शकेल.

बॅटरीवर चालणारे प्लास्टिकचे संचही पाहिले. ते खूप स्वस्त, वायरीची कटकट नाही, पाण्याजवळही धोका नाही. तीन वर्षांच्या मुलासाठी मी तोच घेतला असता. पण वजन नसल्यामुळे त्यांचा आवाज पोकळ येतो, आणि बॅटऱ्या उतरल्या की गाडी रेंगाळते.

शेजारच्या आजोबांनी माळ्यावरून त्यांची लहानपणची गाडी काढून आणली होती. ती 1950 च्या दशकातली, भरीव लोखंडासारखी जड. चाकांना चुंबकत्व दिलेलं, त्यामुळे ती रुळांना धरून राहते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतर मांडायची आणि सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणाला आवरायची, हा त्यांच्या घरचा नियम. ती त्यांनी आम्हाला देऊ केली. मुलगा हरखला, पण ट्रान्सफॉर्मरच्या वायरीवरचं रबर जागोजागी तडकलं होतं. तशी वायर 120 व्होल्टच्या प्लगला, तेही पाणी भरलेल्या स्टँडशेजारी, लावणं मला पटेना. आजोबांनाही ते लगेच पटलं. ती गाडी आता कपाटात मानाने उभी आहे.

शेवटी लायोनेलचा 'पेनसिल्व्हेनिया फ्लायर' घेतला. तेव्हा किंमत साधारण 300 ते 400 डॉलरच्या घरात होती. वाफेच्या इंजिनासारखं इंजिन, मागे मालडबे, शेवटी गार्डाचा डबा. मालगाडी मी मुद्दाम निवडली, कारण उघड्या डब्यात मूल काही भरू शकतं, काढू शकतं. प्रवासी डबे नुसते पाहायचे. शिवाय मेटचन स्टेशनात मुलगा रोज ज्या गाड्या बघतो तो मार्ग एकेकाळी पेनसिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीचा होता, आणि आमची गाडी तिच्याच नावाची. रुळांवर वीज एकसारखी असते, 18 व्होल्टच्या आसपास, आणि वेग रिमोटने वाढवायचा. घंटा आणि शिटीही रिमोटवर. 36 इंच व्यासाच्या वळणाचे आठ तुकडे आणि चार सरळ मिळून 40 बाय 60 इंचांचं लांबट वर्तुळ होतं. दहा इंची सरळ तुकड्यांची एक जादा जोडी घेतली आणि लांबी 70 झाली. त्या वाढीव दहा इंचांत गोठा बसला.

मांडताना काही गोष्टी पाळल्या. झाडाखालचं कापड रुळांच्या आतच ठेवलं, कारण त्याचे धागे इंजिनाच्या दातेरी चाकांत गुंततात. शोभेचे गोळे टांगायचे तारेचे आकडे खालच्या फांद्यांवर लावले नाहीत, दोऱ्याने बांधले. आकडा रुळांवर आडवा पडला की शॉर्ट होतो. झाडाच्या सुया रोज झाडायच्या. अडॅप्टर स्टँडपासून लांब, उंचावर. इंजिनातून धूर यावा म्हणून घालायचं तेल काही थेंबच, आणि त्याची बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी. ते संपलं की धुराची खटकी बंद करायची, कोरडी चालवायची नाही. वळणावर भरधाव सोडली तर गाडी उलटते, हे मुलगा आपलं आपण शिकला.

वसईहून भाऊ विचारतोय की असाच संच तिकडे चालेल का. मी त्याला सांगितलंय: अडॅप्टरवर 100–240 व्होल्ट छापलेलं असेल तरच 230 ला लाव, फक्त 120 लिहिलेलं असेल तर तिकडच्या विजेला चालेल असा, तेवढेच व्होल्ट देणारा दुसरा अडॅप्टर घे. गुळगुळीत फरशीवर रूळ सरकतात, खाली प्लायवूडचा पातळ तुकडा घाल. आणि खरेदीआधी गोठ्याची रुंदी मोजून मला कळव.