आमची वाटचाल : बंबापासून मीनाकारीपर्यंत

आमचं घर धुळ्यातल्या तांबटांचं. वडिलांच्या हातचे बंब आणि हंडे लग्नात आंदण म्हणून जायचे. मग स्टील आलं, गिझर आला, आणि ठोकलेल्या तांब्याला गिऱ्हाईक उरलं नाही. हात मात्र तयार होते. जळगावच्या सराफांकडे सोन्यावरचा मीना पाहिलेला. तोच तांब्यावर का नको, हे धाकट्या भावाच्या डोक्यातलं. तो जयपूरला जाऊन शिकून आला.

मीना म्हणजे रंग नव्हे, काच. कोबाल्टने निळी, तांब्याच्या ऑक्साइडने हिरवी झालेली काच बारीक कुटायची, ८० मेशच्या (इंचाला ८० भोकांच्या) चाळणीतून डिंक लावलेल्या पत्र्यावर भुरभुरवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवायची. तांबं १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे पत्र्याची काळजी नसते. नजर ठेवायची ती काचेवर : आधी साखरेसारखी रवाळ दिसते, मग लकाकते, की लगेच बाहेर. त्याआधी पत्रा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात लख्ख करावा लागतो. आईला हे काम कुणी शिकवावं लागलं नाही, जन्मभर चिंचेने तेच केलंय.

खरी मेख पाठीला आहे. गार होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं. एकाच अंगाला मीना असेल तर पत्रा वाकतो, काचेला तडे जातात, कधी घरी नेल्यावर कपची उडते. म्हणून न दिसणाऱ्या बाजूलाही आम्ही मीना देतो. आमचा दर जास्त का, असं विचारणाऱ्याने आमची वस्तू उलटून बघावी.

लाल रंगाने आम्हाला सर्वाधिक दमवलं, आणि नेमकी तीच मागणी. पारदर्शक लाल थेट तांब्यावर दिला की तपकिरी पडतो. खाली बिनरंगी काचेचा थर लागतो, आणि लाल भाजायचा सगळ्यात शेवटी. विजेचा दाब कमी असला तर त्या दिवशी लाल काढतच नाही. मे महिन्यात तर भट्टी पहाटेच लावतो. बाहेर पंचेचाळीसचा पारा असताना तिच्यासमोर कोण उभं राहणार?

आता नावाच्या पाट्या, देवघराच्या चौकटी, पदकं, कानातले करतो. पिण्याच्या भांड्यांना आतून मीना देत नाही. काही रंगांत शिसं, कॅडमियम असतं. टवका उडालेली वस्तू दुरुस्त होते, पण पुन्हा भट्टीत घालूनच. तेव्हा घरी डिंक-फेविकॉल लावून आणू नका, तशीच आणा.