नोकरी वेर्ण्याला, बिऱ्हाड कुठे? भर पावसात गोव्यात केलेली घरशोधणी

नवऱ्याला वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि कणकवलीतल्या निम्म्या ओळखीपाळखीने आमचं बिऱ्हाड परस्पर फोंड्याला थाटून टाकलं. तिथे देवळं आहेत, मराठी आहे, माणसं आपल्यासारखी आहेत, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्यांनी म्हापसा सुचवलं, कारण शनिवारी घरी यायला बरं. एका चुलतदिरांनी तर, "बांद्याक रवा नि रोज जावन येवा, राज्य बदलूची कटकटच नको," असा तोडगा काढला. सासूबाई कणकवलीचं घर सोडणार नाहीत, मुलगी पुढच्या वर्षी आठवीत जाईल, आणि नवऱ्याला पाळ्या आहेत. या तीन गोष्टी धरून आम्ही जुलैमध्ये, मुद्दाम कामाच्या दिवशी, उत्तरेकडून खाली एकेक गाव बघत गेलो.

गोव्याचा नकाशा कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. खाडी आडवी असली की समोर दिसणारं गाव तासाभरावर जातं, हे आपण लहानपणापासून बघतो. गोव्यात शापोरा, मांडवी आणि झुआरी या नद्या राज्याचे आडवे तुकडे करतात आणि वाहतूक त्यांच्यावरच्या मोजक्या पुलांवर येऊन तुंबते. त्यामुळे किलोमीटर बाजूला ठेवा आणि घरापासून कामापर्यंत किती पूल लागतात ते मोजा. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी आणि बार्देश (म्हापसा-पर्वरीचा तालुका) यांच्या मध्ये पुन्हा फेरीबोटीचाच आधार उरला होता. आता मांडवीवर एकाशेजारी एक पूल उभे आहेत, तरी नदी ती नदीच.

बांदा आमच्या यादीतून लगेच गेलं. वेर्ण्याला पोचेपर्यंत शापोरा, मांडवी, झुआरी, तिन्ही ओलांडाव्या लागतात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने हा रस्ता रोज कापायचा म्हणजे जिवाशी खेळ. पण तुमचं काम मोपा विमानतळावर किंवा तुयेच्या औद्योगिक वसाहतीत असेल तर बांदा, सावंतवाडी किंवा पेडणे यांचा जरूर विचार करा. विमानतळावरून जानेवारी 2023 पासून उड्डाणं सुरू झाली आणि तेव्हापासून सीमेपलीकडून जा-ये करणारी आपली पोरं वाढली आहेत. पेडण्यात तर परकं वाटायचं कारणच नाही. बोली जवळची, दशावतार दोन्हीकडे तेच, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा मुलूख सावंतवाडीकरांचाच होता. (पत्रादेवीची हद्द ओलांडल्यावर पेट्रोल स्वस्त मिळतं, हे कोणाही सिंधुदुर्गकराला सांगायची गरज नाही.)

म्हापसा मला गाव म्हणून आवडलं. शुक्रवारच्या बाजारात पावसाळी भाज्यांचे ढीग, चटणीला लागणाऱ्या सुक्या मिरच्या, खारं (सुकी मासळी), मडकी, सगळं एका फेरीत मिळतं. जिल्हा रुग्णालय गावातच आहे आणि थिवीचं रेल्वे स्टेशन दहाएक किलोमीटरवर. करासवाडा किंवा पिळर्णच्या वसाहतीत काम असणाऱ्यांनी पुढे बघूच नये. वेर्णा मात्र इथून दोन पूल दूर. त्यात मधे पर्वरी येते.

पर्वरी हे पणजीचं खरंखुरं उपनगर. विधानसभा आणि सचिवालय इथे, उंच इमारती इथे, दुकानं रात्रीपर्यंत उघडी. फ्लॅट भरपूर, भाडीही तशीच. पर्वरीत दोन खोल्यांना जे मोजाल त्यात फोंड्याला तीन मिळतात. आम्ही गेलो तेव्हा हमरस्त्यावर उड्डाणपुलाच्या कामाची धूळ आणि चिखल आलटून पालटून चालू होता. पूल झाल्यावर चित्र बदलेलही, पण आज घर घेणाऱ्याने आजचा रस्ता बघावा. दुचाकीवर जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकींना मनाई आहे, त्यांना खालच्या पुलांवरूनच जावं लागतं, आणि कोंडी तिथेच असते.

मांडवी ओलांडली की मेरशी, सांताक्रूझ, ताळगाव, बांबोळी हा पट्टा लागतो. वेर्ण्याला इथून एकच पूल, तोही 2022-23 मध्ये टप्प्याटप्प्याने खुला झालेला झुआरीचा नवा, रुंद पूल. त्याआधी इथली रांग कुप्रसिद्ध होती. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तर आपल्याला परकं नाही, सिंधुदुर्गातला अवघड पेशंट तिथेच जातो. घरात आजारी माणूस असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर हाच पट्टा धरा. आमच्या खिशाने दिली नाही.

आता फोंडा. इथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण मनातून तेच ठरल्यासारखं होतं. मंगेशी, म्हार्दोळची म्हालसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, सगळी पाचदहा किलोमीटरच्या आत. सासूबाई आल्या तर आनंदाने महिनाभर राहतील. फर्मागुडीला अभियांत्रिकी कॉलेज, गावात कला मंदिर, नाटकांचे फलक मराठीत. कुर्टी आणि खडपाबांध भागात आम्ही फ्लॅट बघितले. मोठे, हवेशीर, परवडणारे. कवळ्याच्या रस्त्यावर एक चिऱ्याचं घरही पाहिलं, पुढे तुळस, मागे माडाबागायत. ते सोडताना जिवावर आलं.

सोडलं ते बोरीच्या पुलामुळे. फोंड्याहून वेर्ण्याला जायचं तर बोरीला झुआरी ओलांडून लोटलीवरून जायचं. नकाशावर वीसेक किलोमीटर. आम्ही काय केलं, तर कारखाना सुटायच्या वेळी वेर्ण्याच्या फाटकापाशी गाडी उभी केली आणि तिथून कामगारांबरोबरच फोंड्याकडे निघालो. रस्ता अरुंद, पूल दोन पदरी, त्यावर ट्रक, आणि पाऊस असा की वायपर नुसते हलत होते. नव्या पुलाचं घाटत आहे, पण त्याच्या मार्गात खाजन शेती (खाडीकाठची, बांध घातलेली) जाते म्हणून लोटलीकडच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे, आणि त्यांची बाजू अगदीच समजण्यासारखी आहे. फोंड्याला रेल्वे नाही, ही दुसरी गोष्ट. शनिवारी कणकवलीला जायचं म्हणजे एकतर पणजी-म्हापशातून, नाहीतर उसगाव, साखळी, डिचोली, दोडामार्ग असं आतून. दुसरा रस्ता सुंदर आहे, पण आईला बरं नाही असा रात्री फोन आला तर तो रस्ता नको वाटेल. तुमचं काम कुंडई किंवा बेतोड्याच्या वसाहतीत असेल तर मात्र वर लिहिलेलं सगळं विसरा आणि डोळे मिटून फोंड्याला या.

मडगाव आम्हाला कोणीच सुचवलं नव्हतं. 'तिकडे आपलं कोण?' हा प्रश्न. सासष्टीत (मडगावच्या तालुक्यात) ख्रिस्ती वस्ती मोठी, इगर्जी म्हणजे चर्च जास्त, मराठी पाट्या कमी, हे खरंच. पण मडगावात हरिमंदिर आहे, कार्तिकातली दिंडी आहे आणि त्या दिंडीत गायला मोठमोठे गवई येत आले आहेत. रवींद्र भवनात नाटकं लागतात. सकाळ-संध्याकाळ पोदेर भोंगा वाजवत पाव घेऊन दारात येतो, ही सोय कणकवलीत कुठली? आणि मुख्य म्हणजे वेर्णा दहा-बारा किलोमीटर, मधे एकही मोठी नदी नाही. नुव्याला थोडं अडकायला होतं, तेवढंच.

दुसरं कारण रेल्वे. मडगावला जवळजवळ प्रत्येक गाडी थांबते आणि कणकवलीला यायला कोकणकन्या, मांडवी, मडगाव-रत्नागिरी अशा गाड्या आहेत. महामार्गावर कितीही खोळंबा असो, रूळ सगळ्या नद्या एका दमात ओलांडतात. पुलांचं गणित घरच्या फेरीलाही लागू पडलं आणि फोंड्याचा निकाल तिथेच लागला.

मडगावातही गाव निवडावं तशी वाडी निवडावी लागते. सोनसोड्याचा कचऱ्याचा डोंगर ठाऊक करून घ्या. त्या बाजूला घर बघायचं असेल तर वारा सुटलेला असताना जा. साळ नदीच्या काठचे सखल भाग पावसात बघा, शेजारच्या दुकानदाराला पाणी कुठवर येतं ते विचारा. तो दाखवतो, हात करून. वास्कोकडे आम्ही फिरकलो नाही. बंदरातल्या कोळशाच्या धुळीची तक्रार तिथले लोक वर्षानुवर्षं करत आहेत आणि मुलीला दम्याचा त्रास आहे. शेवटी फातोर्ड्याला, स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट ठरला.

जुलैमध्ये घर बघण्याचा फायदा असा की भिंत खोटं बोलत नाही. पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावा, कपाटं उघडून वास घ्या, गच्चीवर पत्रे आहेत का बघा. नुसती उघडी गच्ची असेल तर वरचा मजला नको. तोटा एकच, पाण्याचा अंदाज येत नाही. तो मे महिन्याचा प्रश्न, म्हणून शेजारणीला विचारायचा. आमच्या शेजारणीने सांगितलं, "उदक सकाळचें दोन वरां येता, मे म्हयन्यांत मात टांकी भरून दवर." म्हणजे पाणी सकाळी दोन तास येतं, मेमध्ये मात्र टाकी भरून ठेव. पाणी कुठून येतं तेही विचारावं. मडगावला साळावलीचं, फोंड्याला ओपाचं, बार्देश आणि पेडणे बऱ्याच अंशी तिळारी धरणावर अवलंबून. तिळारीचा कालवा फुटला की आधी दोडामार्गातले शेतकरी आणि मग म्हापसेकर, दोघेही हैराण होतात.

किनाऱ्याजवळची घरं आम्ही पाहिलीच नाहीत. कोलवा, बाणावली भागात मालकाला पर्यटक हवा असतो, वर्षभराचा भाडेकरू नको असतो. ऑक्टोबर आला की 'घर आम्हालाच लागणार आहे' असं ऐकावं लागतं. करार अकरा महिन्यांचा असतो आणि भाडेकरूची पोलिस पडताळणी सक्तीची आहे. मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही टाळू नका, पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून करारच कामी येतो.

वर्षभर तरी विकत काही घेऊ नका. गोव्यात सातबारा नाही, फॉर्म एक आणि चौदा असतो. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे नवऱ्याच्या नावावरच्या घरातही बायकोचा वाटा असतो, वडिलोपार्जित असेल तर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या लागतात, आणि त्यातला एखादा लिस्बनला असतो. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामायिक मालकीची) आहे का, घरात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याचा कायदेशीर हक्क असलेला माणूस) आहे का, हे तिथला वकीलच सांगू शकतो. कणकवलीचा वकील कितीही हुशार असला तरी इथे उपयोगाचा नाही.

शाळेचं वेळापत्रक आधी बघा. 2025 पासून गोव्यात सहावी ते दहावीच्या वर्गांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागलं आहे आणि आपल्याकडे तेव्हा परीक्षा चालू असतात. त्यामुळे प्रवेशाची चौकशी जानेवारीतच करून ठेवावी लागते. प्राथमिक सरकारी शाळा मराठी आणि कोकणीतून आहेत, हायस्कुलं मात्र बहुतेक इंग्रजी माध्यमाची. राज्य बदलताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा, ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, पुन्हा खेप नको. मूल नववी-दहावीत असेल तर दहावी आपल्याकडेच होऊ द्या आणि बापाने एकट्याने खोली घेऊन राहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आरोग्य विमा बंद करू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांचा दाखला. गाडीला बारा महिने मिळतात, तेवढ्यात जुन्या आरटीओचा ना हरकत दाखला घेऊन नवी नोंदणी करायची. कामावर रुजू होण्याआधी कंपनीची बस कुठल्या गावांत जाते ते विचारून घ्या. वेर्ण्यातल्या अनेक कारखान्यांच्या बस आहेत, आणि ती दारावरून जात असेल तर भाड्यात थोडे जास्त गेले तरी परवडतं.

सामान चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास हलवायचं मनात आणू नका. त्या दिवसांत ना इकडचा टेम्पोवाला मिळतो ना तिकडचा हमाल, आणि घरमालक गावाला गेलेला असतो. आमचं सामान दसऱ्यानंतर जाईल, नवरा तोवर एक गादी आणि गॅस घेऊन राहील, आम्ही दोघी एप्रिलमध्ये. मडगावात दुपारी एक ते चार दुकानं बंद असतात, तेव्हा टेम्पो अकराच्या आत पोचेल असा काढायचा, नाहीतर राहून गेलेला बल्ब आणि कुलूप आणायला संध्याकाळ उजाडते.