उरलेली लोकर

"दानालाच द्यायच्या आहेत ना टोप्या, मग घरात उरलेली लोकर खपवूया की," असे आज बेळगावच्या टिळकवाडीत, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोप्या विणणाऱ्या आमच्या विणकाम गटात कोणीतरी सहज म्हणाले, आणि हातातल्या सुया न थांबवता एका मावशींनी विचारले, "स्वतःच्या नातवाला ती घातली असतीस काय गं?"

तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या त्वचेखाली चरबी अगदी कमी असते आणि शरीराच्या मानाने डोके मोठे असल्यामुळे उघड्या डोक्यावाटे त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. म्हणून त्याची टोपी मऊ, स्वच्छ धुतलेली, नीट बसणारी आणि आतून गाठ किंवा सुटा धागा नसलेली असावी लागते. खरखरीत लोकर टाळूला टोचते, हे त्या बाळाला सांगताही येत नाही. ज्या बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांवर साड्या विणल्या जातात, तिथे सुताची पारख कोणाला शिकवावी लागू नये, असे मला मनापासून वाटते.

ज्याला आपण कधीही भेटणार नाही, त्याच्यासाठी वस्तू निवडताना आपला हात आधी उरलेल्याकडेच का वळतो?