तुम्ही विचारलंत म्हणून: अख्खी लग्नपत्रिका त्याच फॉन्टमध्ये (अक्षराच्या वळणात) का नाही?

तुळशीचं लग्न आटोपलं की आमच्या दारव्ह्याच्या पत्रिका छापायच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. भाऊ, नवरानवरीच्या नावाची ती तिरपी इंग्रजी अक्षरं लय भारी दिसून राहिली, मग स्थळ, पत्ता, मोबाईल नंबर सगळंच त्यात का नाही करून देत?

नाही देत, कारण मला तो फॉन्ट मनापासून आवडतो.

मी बहुतेक वेळा प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टचं इटॅलिक, म्हणजे तिरपं रूप, घेतो. हा फॉन्ट क्लाउस एगर्स सोरेनसेन नावाच्या डॅनिश डिझायनरने 2011 मध्ये काढला, फुकट मिळतो. त्यातलं डिस्प्ले म्हणजे मोठ्या साइजसाठी. जाड रेघ चांगली जाड आणि बारीक रेघ अगदी केसासारखी, सगळी शोभा त्या फरकातच आहे. नाव 48 पॉइंटात, म्हणजे चांगल्या मोठ्या अक्षरात, असलं की ती बारीक रेघ उठून दिसते, पण तेच 8 पॉइंटात आणलं आणि मरून कार्डावर सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंग (जाळीतून शाई दाबून छपाई) केलं तर जाळीतून ती रेघ धड उतरतच नाही, एन चे दोन पाय वेगळे पडतात, 3 आणि 8 सारखेच दिसायला लागतात, आणि पाहुण्याने फोन लावायचा कोणाला?

हे दुखणं जुनंच आहे बरं. 1757 मध्ये बर्मिंगहॅमचा मुद्रक जॉन बास्करव्हिल याने रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक छापलं तेव्हा नाजूक खिळे (छपाईची धातूची अक्षरं) पाडून भागलं नाही, कागद गुळगुळीत करावा लागला, शाईवरही मेहनत घ्यावी लागली. पुढे पार्माचा बोडोनी आणि पॅरिसचे दिदो या मुद्रकांनी रेघ अजून बारीक नेली. तिरपं अक्षर तर त्याहून जुनं, 1501 मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुत्सियुस या मुद्रकाने अख्खं पुस्तक त्यात छापलं, खिळे ग्रिफो नावाच्या कारागिराने कोरलेले. म्हणजे इटॅलिक हाताच्या लिखाणातून आलंय, त्यात ए चा आकारच बदलतो, एफ बऱ्याचदा ओळीखाली उतरतो. साधा फॉन्ट कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्यू करून, म्हणजे नुसता तिरपा ओढून, ते येत नाही, कोणी तसं केलेलं दिसलं की मला खरंच वाईट वाटतं.

मग मराठी नाव पण तिरपं करा म्हणतात. तेही नाही करत मी. आपल्या अक्षराचा जाड-बारीकपणा बोरूच्या (वेताच्या लेखणीच्या) तिरप्या कापातून आलाय, उभा काना आणि आडवी शिरोरेषा यावर ते उभं आहे, स्क्यू केलं की काने कलतात आणि शिरोरेषा तशीच आडवी राहते, नुसतं पडल्यासारखं दिसतं. तसाच थाट पाहिजे असेल तर रोझा वन नावाचा फॉन्ट आहे ना, त्यात देवनागरीलाही जाड-बारीकचा जबरदस्त फरक दिलाय आणि अक्षर सरळच आहे. नाव त्यात मोठं टाकतो, पत्ता मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये, जरा मोठाच, कारण पत्रिका घरातले म्हातारे लोकही वाचतात.