ताकद वाढली, तरी प्लेट नापास

टेन्साइलचा, म्हणजे तुकडा ताणून तोडण्याच्या चाचणीचा, रिपोर्ट सकाळी आला तेव्हा शेडमध्ये सगळे खूश होते. नवव्या बिल्डच्या (3डी छपाईच्या एका फेरीला बिल्ड म्हणतात) तुकड्यांची ताकद 1012 मेगापास्कल भरली होती. मानकात किमान 895 लागते आणि आमच्या पहिल्या बिल्डला 965 आली होती. लांबण, म्हणजे तुटण्याआधी तुकडा किती ताणला जातो ते, 15 टक्क्यांवरून 12 वर उतरली होती, पण किमान 10 पुरते, म्हणून तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

जॉब होता टायटॅनियमचा ब्रॅकेट, टीआय-6एएल-4व्ही या मिश्रधातूचा, मेटल 3डी प्रिंटिंगवर, म्हणजे धातूची पावडर थराथराने वितळवून छापलेला. तो कुठल्या यंत्रणेत बसतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. उंची 150 मिलिमीटर, थराची जाडी 60 मायक्रॉन, म्हणजे 2500 थर. ज्या प्लेटवर छपाई होते तिच्यावर एका वेळी चार ब्रॅकेट आणि चार कोपऱ्यांत चाचणीच्या कांड्या. छपाई आर्गॉनमध्ये चालते आणि चेंबरमधला ऑक्सिजन 500 पीपीएमच्या खाली ठेवतो. मग आतल्या पोकळीतली पावडर ठोकून, हवा मारून पूर्ण काढायची. राहिली तर भट्टीत तिथेच चिकटून दगड होतो. त्यानंतर स्ट्रेस रिलीफ, म्हणजे तापवून धातूतला ताण घालवणं, आणि तो झाल्यावरच वायर कटने, म्हणजे विजेच्या तारेने कापून, प्लेटवरून सोडवायचं. आधी सोडवलं तर जॉब वाकतो. शेवटी एचआयपी, म्हणजे उष्णता आणि वायूचा दाब देऊन आतली बारीक छिद्रं मिटवणं: 920 अंश, 100 मेगापास्कल, दोन तास. ती भट्टी आमच्याकडे नाही, बाहेर पाठवावं लागतं.

दुपारी इन्स्पेक्टर साहेब आले. टेन्साइलचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि रसायनाचा मागितला. त्यात ऑक्सिजन 0.21 टक्के होता. मर्यादा 0.20.

आमच्यातला एक जण म्हणाला, "साहेब, ताकद तर वाढली आहे."

"ती का वाढली तेवढं सांगा," ते म्हणाले.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. टायटॅनियममध्ये ऑक्सिजन मुरला की धातू कडक होतो, ताकद चढते आणि न तुटता ताणलं जाण्याची क्षमता जाते. आजचे 12 टक्के उद्या 9 होतील. शिवाय वारंवार भार येणाऱ्या भागात तडा किती भार-फेऱ्यांनंतर जाईल याची खात्री उरत नाही.

पहिला संशय नमुन्यावर गेला. भट्टीत पृष्ठभागावर ऑक्सिजनने कडक झालेला थर बसतो, तोच तपासला गेला असेल तर आकडा खोटा. म्हणून कांडीच्या गाभ्यातून नवे तीन तुकडे काढून लॅबला दिले. संध्याकाळी उत्तर आलं: 0.21, 0.21, 0.22. लॅबची अनिश्चितता अर्ध्या-एका शतांशाची धरली तरी आकडा खरा होता.

मग पावडर. प्रत्येक बिल्डआधी आम्ही पावडरची एक बाटली भरून सील करून ठेवतो. या एका सवयीने त्या दिवशी तारलं. पहिल्या बिल्डची पावडर 0.14 होती, नवव्याची 0.19. छपाईत आणि पुढच्या उष्णतेत एक-दोन शतांश वाढ होतेच, त्यामुळे हिशेब जुळला.

0.14 चं 0.19 कसं झालं? न वितळलेली पावडर चाळून पुन्हा वापरतात, आणि प्रत्येक फेरीत ती थोडा ऑक्सिजन खाते. यात वावगं काही नाही, सगळे तेच करतात. घोळ टॉप-अपमध्ये होता. पाचव्या बिल्डनंतर नवी पावडर घातल्याची रूट कार्डावर (जॉबच्या टप्प्यांच्या नोंदीचं कार्ड) नोंद होती, पण किती किलो ते नव्हतं. समोर "आवश्यकतेनुसार" असं लिहिलं होतं. या शब्दाइतका महागडा शब्द शॉप फ्लोअरवर दुसरा नाही. त्यात जुलै महिना, आणि चाळणीच्या खोलीतला डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) रात्री बंद. एका शनिवार-रविवारी पावडरचा डबा नीट न लावता राहिला होता. बारीक पावडरीचं पृष्ठफळ प्रचंड असतं, त्यामुळे पुण्याची पावसाळी हवा ती आनंदाने पिते.

डेव्हिएशन, म्हणजे मर्यादेतून सूट, मागता आलं असतं, मागितलं नाही. नवव्या प्लेटचे चारही ब्रॅकेट नापास. आठव्याचा आकडा नेमका 0.20, म्हणून लाल टॅग लावून बाजूला. सातव्याचा 0.19, पास. ज्या सरकारी योजनेतून या कामाला पैसा येतो, तिचा पुढचा हप्ता या टप्प्याच्या पूर्ततेला बांधलेला होता, तोही पुढे गेला.

संरक्षण उत्पादनात सरकारी पैसा वेगवेगळ्या दारांनी येतो. डीआरडीओच्या टीडीएफमधून (तंत्रज्ञान विकास निधी) प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत, कमाल 50 कोटी. चाचणी सुविधा उभारायला 2020 मध्ये सुरू झालेली 400 कोटींची डीटीआयएस (संरक्षण चाचणी पायाभूत सुविधा योजना), तीत 75 टक्क्यांपर्यंत अनुदान. आमचं काम अशाच एका योजनेखालचं. पण प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी तिच्याकडे जायचा नमुना आमच्या डब्यातून निघतो. प्रस्ताव लिहिताना मशीन, सॉफ्टवेअर, प्रशिक्षण सगळं तपशिलात मांडलं होतं, आणि प्रत्येक बिल्डमागे पावडरची रासायनिक तपासणी या खर्चाला एक ओळसुद्धा दिली नव्हती. ती चूक आमची.

बदल साधेच केले. पावडर काट्यावर तोलूनच मिसळायची: 0.19 ची 30 किलो आणि 0.13 ची 30 किलो, म्हणजे 0.16. मिसळल्यावर नमुना लॅबला, आणि आकडा 0.16 च्या वर आला तर बिल्ड सुरूच करायचा नाही. वापरण्याआधी पावडर व्हॅक्यूममध्ये 80 अंशांवर रात्रभर वाळवायची. डबा आर्गॉन भरून बंद. "आवश्यकतेनुसार" हा शब्द कार्डावरून काढला.

दहाव्या बिल्डच्या वेळी साहेबांनी कागद मागायच्या आधी सील केलेली बाटली मागितली. पावडरचा आकडा 0.15 आला होता.