अंबरनाथचे बेचाळीस ड्रम

आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्यासाठीच्या ऑडिट फर्ममधल्या उमेदवारीला लागून जेमतेम चार महिने झाले होते आणि दादरच्या ऑफिसात माझं नाव ‘दहा वीस’ पडलं होतं. यायचं दहाला, मी उगवायची दहा वीसला. डोंबिवलीची गर्दी, सिग्नल, मागची गाडी पुढे काढणं. कारणं सगळी खरी. पण सरांनी एकदाच सुनावलं होतं, “लोकल रोजच लेट असते ना? मग तो लेट नाही, तेच टाइमटेबल.” स्टायपेंड महिना 1000 रुपये, तोही पासात आणि वडापावात जायचा.

31 मार्च 2013 ला रविवार होता. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात वर्षअखेरची स्टॉकमोजणी, सकाळी आठला. सर स्वतः दहाला येणार होते. “आठ म्हणजे आठ. मोजणी सुरू झाल्यावर पोचलीस, तर नुसत्या त्यांच्या याद्यांवर टिका मारशील.”

धास्तीने मी दादरचाच हिशेब धरून निघाले. गाडी उलट्या दिशेची, त्यात रविवार. डबा जवळजवळ रिकामा. ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर कधी गेली कळलंच नाही. पावणेसातला मी कारखान्याच्या गेटवर!

वॉचमनकाकांनी केबिनमधलं स्टूल दिलं, चहा मागवला. “साहेबलोक आठला येतात, मॅडम,” असं दोनदा सांगून झालं. सात दहाला एक टेम्पो आला. काकांनी मुकाट गेट उघडलं. आत येणाऱ्या मालाचं इनवर्ड रजिस्टर माझ्या पुढ्यातच होतं. त्यात नोंद काही झाली नाही. निळे ड्रम उतरत होते, दोनशे लिटरवाले. करायला काही नव्हतं म्हणून मी ते मोजले. बेचाळीस. पेपरच्या कडेला टेम्पोचा नंबर आणि वेळ लिहून ठेवली. संशय वगैरे काही नव्हता हो, शब्दकोडं सोडवून झालं होतं, इतकंच.

आठला मोजणी सुरू झाली. आधी कट-ऑफ, म्हणजे कुठवरची आवक-जावक हिशेबात धरायची ती रेघ: शेवटचा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नंबर, शेवटचं विक्रीचं इन्व्हॉइस. शेवटचा जीआरएन 29 मार्चचा होता. मग एकेक लॉट मोजून टॅग लावत आम्ही कच्च्या मालाच्या गोडाऊनमध्ये पोचलो. कोपऱ्यात माझे निळे ड्रम! यादीत बाकायदा चढलेले. दोन-तीन ड्रमांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव खरवडल्यासारखं दिसत होतं.

“हे कधी आले?” मी स्टोअर्सच्या काकांना विचारलं.

“शुक्रवारी. जीआरएन उद्या करू.”

“पण हे तर आज सात दहाला उतरले ना?”

काकांनी हातातलं पेन खिशाला लावलं आणि फोन करायला बाहेर गेले.

सर आल्यावर सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न, “तू किती वाजता पोचलीस?”

“पावणेसात.”

“सकाळी?”

टेम्पोवर त्यांचा लगेच विश्वास बसला. माझ्या वेळेवर बसायला मात्र वॉचमनची साक्ष काढावी लागली.

मग अर्ध्या तासाने मालासोबतचं चलन निघालं. माल दुसऱ्याच कंपनीचा, जॉबवर्कसाठी, म्हणजे फक्त प्रक्रिया करून परत द्यायला आलेला. कारखान्यात पडलेला असला तरी तो यांचा स्टॉक नव्हे. कंपनीची बँकेत कॅश क्रेडिट, म्हणजे स्टॉकच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज होतं. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, मार्जिन वजा करून बँक ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचलीची मर्यादा ठरवते. स्टॉक जास्त दाखवला की उचल जास्त. शिवाय अखेरचा स्टॉक फुगला की नफाही फुगतो. मालक शेवटपर्यंत “चुकून चढले हो यादीत” म्हणत राहिले. चुकून चढलेही असतील. पण रविवारी सकाळी सातला रजिस्टर न उघडता माल उतरवून घेणं, ही चूक मला जरा मेहनतीची वाटली.

बेचाळीस ड्रम यादीतून कापून परक्या मालाच्या वेगळ्या शीटवर घेतले. सरांनी पेपरची ती कड कात्रीने कापून वर्किंग पेपर्सना, म्हणजे ऑडिटच्या पुराव्याच्या कागदांना स्टेपल केली. मागच्या बाजूला अर्धवट राशिभविष्य होतं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, पण त्यांनी “पुढच्या वेळी डायरी घेऊन ये” एवढंच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी ऑफिसात पोचले दहा पंचवीसला. सरांनी मस्टर माझ्याकडे सरकवलं.

“अंबरनाथला ऑफिस काढू का तुझ्यासाठी?”